झाइर्यू कार्ड (जपानमधलं रहिवासी कार्ड) २५ सप्टेंबरला संपतंय, मध्ये नोकरी बदललीय, आणि गणपतीला घरी जायचंय

कोथरूड ते कावासाकी

नमस्कार मंडळी. गिजिनकोकु, म्हणजे इंजिनिअर वगैरे तज्ज्ञ नोकरदारांचा व्हिसा आहे, तीन वर्षांचा, कार्डावर मुदत २५ सप्टेंबर. बायकोचं काझोकु ताइझाइ, म्हणजे कुटुंबीयांचा व्हिसा, तिचीही तीच तारीख. ती आठवड्यातले काही तास हॉटेलात पार्टटाइम करते.

गेल्या १५ नोव्हेंबरला जुनी मोठी आयटी कंपनी सोडली, १ डिसेंबरपासून नव्या कंपनीत रुजू झालो. चाळीसेक माणसांची कंपनी आहे, काम तेच: ब्रिज इंजिनिअर, म्हणजे जपानी ग्राहक आणि भारतातली टीम यांच्यातला दुवा. फेब्रुवारीत एदोगावातून कावासाकीला घर बदललं, पत्ता कार्डामागे लिहून घेतलाय. न्यूकानला, म्हणजे इमिग्रेशनला, नोकरी बदलल्याचं कळवायचं असतं म्हणे, एचआर म्हणतात, "आमच्याकडून केलंय."

नव्या कंपनीत परदेशी माणूस मी पहिलाच, त्यामुळे त्यांनाही फारसं ठाऊक नाही. गणपतीसाठी ११ ते २२ सप्टेंबर पुण्याची तिकिटं काढलीत. अर्ज कधी करू, काय काय जोडू, आणि अर्ज आत असताना जाऊन आलेलं चालतं का?

---

तामागावाकाठ

अर्ज मुदतीच्या तीन महिने आधीपासून घेतात, म्हणजे तुमच्यासाठी २५ जूनपासून. त्याच आठवड्यात करा. पण फॉर्म उघडण्याआधी एक काम: "आमच्याकडून केलंय" यावर अजिबात विसंबू नका.

एचआरने केलंय ते हॅलो वर्कला, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाला. परदेशी माणूस कामावर घेतला की कंपनीला तिथे कळवावं लागतं. न्यूकानला कळवायची जबाबदारी तुमची स्वतःची. जुनी कंपनी सुटल्यापासून १४ दिवसांत एक, नवीन करार झाल्यापासून १४ दिवसांत दुसरं. दोन्ही एकत्र एकाच फॉर्मवरही देता येतं. न्यूकानच्या वेबसाइटवर इलेक्ट्रॉनिक नोंदणीची सोय आहे, खातं काढायला झाइर्यू कार्डाचा नंबर लागतो. फी नाही. केलेलं असेल तर तिथे किंवा ईमेलमध्ये पोच सापडेल. सापडत नसेल तर आजच करा. उशीर झाला म्हणून गप्प बसणारे जास्त अडकतात. कायद्यात दोन लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण प्रत्यक्ष फटका बसतो तो मुदतीत: तीन वर्षांच्या जागी एक वर्षाचं कार्ड हातात येतं. उशिरा दिलं असेल तर अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत तसं लिहा. कारणं रचू नका.

आता कागद. न्यूकान कंपन्यांचे चार गट करतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या पहिल्या गटात. पगारातून वर्षाला एक कोटी येन किंवा जास्त आयकर कापून भरणाऱ्या दुसऱ्यात. तो आकडा त्याहून कमी, पण वार्षिक होतेइ चोशो, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा तक्ता, भरलेला असेल तर तिसऱ्यात, आणि उरलेल्या, म्हणजे बहुतेक नव्या कंपन्या, चौथ्यात. तुमची जुनी कंपनी पहिल्या-दुसऱ्या गटातली असणार, म्हणून मागच्या खेपेला पासपोर्ट, कार्ड आणि फॉर्म एवढ्यावर भागलं. यंदा तसं होणार नाही. चाळीस माणसांची कंपनी दुसऱ्या किंवा तिसऱ्या, दोन्हीकडे पडू शकते, तेव्हा अकाउंट्सला होतेइ चोशोच्या गोषवाऱ्यातला कर कापल्याचा आकडा विचारा. इथेच कंपनीचा गट ठरतो.

त्या गोषवाऱ्याची प्रत जोडायची असते आणि तिच्यावर कर कार्यालयात पोचल्याचा पुरावा हवा. जानेवारी २०२५ पासून कर कार्यालयांनी कागदी प्रतीवर पोचेचा शिक्का मारणं बंद केलंय. छोट्या कंपन्या कोरी प्रत हातात ठेवतात आणि मग न्यूकानकडून पत्र येतं. ई-टॅक्सने भरलं असेल तर त्याची 'मिळाले' अशी सूचना असते, ती छापून मागा.

कंपनी तिसऱ्या गटात निघाली तर नोकरी बदलल्यानंतरचं पहिलं कोशिन (मुदतवाढ) म्हणजे जवळपास नवा अर्ज समजा. कंपनीचं तोकिबो, म्हणजे नोंदणीचा उतारा, मागच्या आर्थिक वर्षाचा ताळेबंद, कंपनी काय करते ते सांगणारं पत्रक किंवा वेबसाइटची छापील पानं, आणि तुमची नेमणुकीची पत्रिका ज्यात पगार, काम, करार किती काळाचा हे आहे. याच्याबरोबर जुन्या कंपनीचं ताइशोकु शोमेइशो (नोकरी सोडल्याचा दाखला) आणि पदवीची प्रत न मागता जोडा. कंपनी तोट्यात असेल तर पुढच्या वर्षाचं नियोजन एका पानावर लिहून घ्या, नाहीतर तेही मागून घेतात.

आणि कामाचं वर्णन. नुसतं 'ब्रिज एसई' लिहिलं तर अधिकाऱ्याला काही कळत नाही. कुठल्या प्रणालीवर काम, ग्राहकाशी जपानीत काय बोलता, भारतातल्या टीमला काय देता, जुन्या कामाशी ते कसं जुळतं, हे एका पानात, जपानीत. या एका पानावर बरंच काही ठरतं आणि लोक तेच घाईत उरकतात.

फोटो ४ बाय ३ सेंटिमीटर. फॉर्ममधली तुमची पानं तुम्ही भरायची, कंपनीची पानं कंपनीने. हल्ली त्यावर हांको (शिक्का) लागत नाही. तुमची सही मात्र स्वतःच्याच हाताने, एचआरने 'सोय म्हणून' केलेली नको.

---

हिशेबनीस

वरचं सगळं बरोबर. पण तुमच्या केसमध्ये खरी गोम जूमिनझेईत, म्हणजे रहिवासी करात, आहे, ती आधी बघा.

जूमिनझेई ज्या गावात १ जानेवारीला राहत होता त्या गावाला द्यायचा. तुम्ही फेब्रुवारीत हललात, म्हणजे यंदाचाही कर एदोगावाचाच. काझेई (किती कर लागला) आणि नोझेई (किती भरला) ही दोन्ही शोमेइशो, म्हणजे दाखले, एदोगावाच्या कुयाकुशोतून (वॉर्ड ऑफिसातून) आणायची. कावासाकीचा शियाकुशो (महापालिका) हात वर करेल. आता पत्ता कावासाकीचा असल्यामुळे कोम्बिनीतल्या (कोपऱ्यावरच्या दुकानातल्या) मशीनमधून मायनंबर कार्डावर (आधारसारख्या ओळखपत्रावर) एदोगावाचे दाखले निघतील असं धरून चालू नका. एक दिवस निशिकासाईकडे चक्कर होणार असेल तर एदोगावाच्या कुठल्याही शाखेत मिळतील. नाहीतर टपालाने: अर्ज, ओळखपत्राची प्रत, स्वतःचा पत्ता घातलेलं तिकीट लावलेलं पाकीट, आणि फीसाठी पोस्टातून तेइगाकु कोगावासे, म्हणजे मनीऑर्डरसारखा कागद. दाखल्याला साधारण ३०० येन पडतात. कोगावासेच्या प्रत्येक कागदाला पोस्ट वेगळे २०० येन घेतं. दहा दिवस हाताशी धरा.

आता नोव्हेंबर. नोकरी चालू असते तेव्हा जूमिनझेई जून ते मे असा बारा हप्त्यांत पगारातून जातो. तुम्ही मध्येच सोडलीत. जानेवारी ते एप्रिलमध्ये सोडली तर उरलेली रक्कम शेवटच्या पगारातून एकरकमी कापतात. जून ते डिसेंबरमध्ये सोडली तर तसं आपोआप होत नाही. जुन्या आणि नव्या कंपनीने मिळून हप्ते पुढे चालू ठेवायचा कागद दिला नसेल, किंवा तुम्ही एकरकमी कापायला सांगितलं नसेल, तर उरलेला कर तुमच्या नावावर येतो आणि घरी नोफुशो येतं: पातळ कागदांची गड्डी, प्रत्येकावर बारकोड, कोम्बिनीत भरायची. ते जपानीत असतं, जाहिरातींच्या पाकिटांत मिसळतं आणि जुन्या पत्त्यावर जातं. डिसेंबर ते मे या पगारपत्रकांत 'जूमिनझेई' हा रकाना बघा. शून्य असेल तर तो कर भरलेला नाही असं धरूनच चला, आणि एदोगावाच्या कर विभागाला फोन करा. नोफुशो पुन्हा पाठवतात.

थकलेलं निघालं तर लगेच भरा. पण कोम्बिनीत भरलेले पैसे दाखल्यात उतरायला आठवडा-दोन आठवडे जातात. घाई असेल तर भरल्याच्या पावत्या घेऊन खिडकीवर जा, त्या बघून दाखला काढून देतात. दाखल्यात 'न भरलेले' या रकान्यात शून्य दिसल्याशिवाय न्यूकानला जाऊ नका.

आणखी एक बारकावा. नवीन वर्षाचा काझेई शोमेइशो जूनमध्ये निघू लागतो. त्याच महिन्यात काढलेल्या नोझेईत नव्या वर्षाचे हप्ते 'अजून देय नाहीत' असे दिसतात, म्हणजे तुम्ही कर वेळेवर भरता की नाही हे त्यातून कळतच नाही. म्हणून जून-जुलैत अर्ज करणाऱ्यांनी नव्या वर्षाबरोबर मागच्या वर्षाचं नोझेईही जोडावं. नाही जोडलं तर पत्राने मागतात आणि तीन आठवडे वाया जातात.

१५ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या मधल्या दिवसांचाही हिशेब आहे. नेनकिन (पेन्शन) आणि आरोग्य विमा महिन्याच्या शेवटी तुम्ही कुठे होता त्यावर ठरतो. ३० नोव्हेंबरला तुम्ही कुठल्याच कंपनीत नव्हता, म्हणून नोव्हेंबर महिना कोकुमिन नेनकिन (सरकारी पेन्शन) आणि कोकुहोचा (सरकारी आरोग्य विम्याचा). बायको तुमच्यावर अवलंबून म्हणून नेनकिनमध्ये तिला एरवी काही भरावं लागत नाही, पण त्या एका महिन्यापुरतं तिचंही वेगळं भरणं लागू होतं. दोघांचं मिळून पस्तीस हजार येनच्या आसपास. कोशिनला नेनकिनचे कागद सहसा मागत नाहीत. पुढे पर्मनंटचा (कायम वास्तव्याचा) अर्ज केलात तर मात्र तिथे महिना-महिना तपासतात, आणि उशिरा भरलेलंही उशिरा म्हणूनच दिसतं. दोन वर्षांच्या आत भरता येतं.

---

कोथरूड ते कावासाकी

दोघांचेही खूप आभार. पगारपत्रकं काढली. डिसेंबर ते मे जूमिनझेईचा रकाना शून्य. एदोगावाला फोन केला: जानेवारीअखेरचं एक नोफुशो न भरलेलं आहे, नव्या पत्त्यावर पाठवतायत. न्यूकानला काहीच कळवलेलं नव्हतं, दोन्ही नोंदी काल रात्री ऑनलाइन केल्या. कंपनी तिसऱ्या गटात आहे.

आता तिकिटांचं काय? रद्द करू का?

---

शिनागावा ९९

रद्द कशाला? तारखा बघा. परत येताय २२ सप्टेंबरला, कार्ड चालतं २५ पर्यंत. अर्ज केलेला असो नसो, तुम्ही चालू कार्डावर जाताय आणि चालू कार्डावर येताय. निघताना विमानतळावर रीएंट्रीच्या कागदावर 'परत येणार' या चौकटीत खूण करा, झालं. वेगळी परवानगी लागत नाही.

विमान चुकलं, आजारपण आलं, २५ ओलांडलं तर? मुदतीच्या आत अर्ज केलेला असला तर निर्णय होईपर्यंत किंवा मुदतीनंतर दोन महिन्यांपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर जुन्या कार्डावरच राहणं कायदेशीर असतं. तुमच्या बाबतीत २५ नोव्हेंबरपर्यंत. या काळात बाहेर जाऊन परतही येता येतं. कायद्यात अडचण नाही, अडचण मुंबईच्या चेक-इन काउंटरवर आहे. तिथला माणूस कार्डाची पुढची बाजू बघतो, तारीख गेलेली दिसते आणि बोर्डिंग पास अडकतो. खिडकीवर अर्ज केला असेल तर कार्डामागे 'अर्ज विचाराधीन' असा शिक्का असतो, तो दाखवता येतो. ऑनलाइन केला असेल तर कार्डावर काहीही उमटत नाही. मग अर्ज मिळाल्याचा ईमेल छापून जवळ ठेवायचा आणि तो जपानीत आहे म्हणून सुपरवायझरला बोलवायचं. म्हणून मुदतीच्या जवळपास प्रवास असलेल्यांनी खिडकीवरच अर्ज करावा असं माझं मत. ऑनलाइनला ५०० येन स्वस्त पडतं, एवढाच फरक: खिडकीवर ६,००० आणि ऑनलाइन ५,५००, हे १ एप्रिल २०२५ पासूनचे दर. ते वाढवण्याच्या हालचाली चालू आहेत, तेव्हा पैसे भरायच्या आधी न्यूकानच्या पानावर एकदा बघा.

दोन गोष्टींना मात्र तुम्ही प्रत्यक्ष जपानात असावं लागतं: अर्ज करताना आणि नवीन कार्ड घेताना. पुण्यात बसून ऑनलाइन अर्ज टाकला तर तो धरत नाहीत. ११ ते २२ या काळात निकालाचं पोस्टकार्ड घरी आलं तर काही बिघडत नाही, त्यावर तारीख असते तोवर जायचं. जास्त धोका जादा कागद मागणाऱ्या पत्राचा. त्याला दिलेली मुदत बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या आसपास असते आणि ते पेटीत पडून राहिलं तर हातातल्या कागदांवर निर्णय घेतात. शेजाऱ्याला पेटी उघडायला सांगून जा, किंवा निघण्याआधी न्यूकानला फोन करून अर्जाचा क्रमांक सांगून कुठवर आलंय ते विचारा. २५ जूनच्या आठवड्यात अर्ज गेला तर हा प्रश्न येण्याची शक्यता कमीच. अधिकृत मुदत दोन आठवडे ते महिना असली तरी टोक्योत नोकरी बदललेल्या अर्जाला दोन महिने लागलेले सर्रास दिसतात.

जायचं कुठे: कावासाकीतून शिन-युरिगाओकाचं छोटं ऑफिस सोयीचं, शिनागावाही चालतं. शिनागावाला जाणार असाल तर स्टेशनच्या कोनान बाजूने ९९ नंबरची बस. सोमवार आणि लांब सुट्टीनंतरचा पहिला दिवस टाळा. मंजुरीनंतर लागणारी इन्शी (फीची महसुली तिकिटं) तिथल्याच कोम्बिनीत मिळते. अर्जाच्या दिवशी पैसे लागत नाहीत. त्या दिवशी एका पोस्टकार्डावर स्वतःचा पत्ता लिहून द्यावा लागतो, तेच पुढे निकालाचं म्हणून घरी येतं. त्यावर फीच्या रकमेला खूण केलेली असेल तर काळजी नाही. खूण नसेल आणि नुसतं 'पासपोर्ट व कार्ड घेऊन या' असेल, तर जाण्याआधी कुणा जाणत्याशी बोला.

---

दिघीची लेक

ताईंच्या अर्जाबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते.

दोघांचे अर्ज एकाच दिवशी, एकत्र द्या. तिचा अर्ज तुमच्या नोकरीवरच टेकलेला असतो, वेगळ्या दिवशी दिला तर तुमचे सगळे दाखले दुसऱ्यांदा काढावे लागतील. तिच्यासाठी फॉर्म, फोटो, पासपोर्ट, कार्ड, विवाहाचा दाखला, तुमचं नोकरीत असल्याचं पत्र, तुमचे करदाखले, आणि दोघांची नावं असलेलं जूमिनह्यो (राहत्या पत्त्याचा दाखला). जूमिनह्यो कोम्बिनीतून काढताना मायनंबर छापू नको असं निवडा. बाकी सगळं छापा. नंबर छापलेला कागद खिडकीवर परत देतात.

महाराष्ट्रातला विवाह नोंदणीचा दाखला मराठी-इंग्रजीत असतो, त्याला जपानी भाषांतर जोडायचं. कुणीही केलेलं चालतं, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव आणि तारीख. इथे आपल्याकडच्या नावांचा घोळ होतो: दाखल्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, डिग्रीवर आडनाव आधी. जपानी अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. 'या तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं छोटं पत्र जोडून तीन कागदांचे संदर्भ द्या. पुरुषांच्या डिग्रीवरही वडिलांचं नाव मध्ये असतं, त्यांनाही हेच लागू.

आता पार्टटाइम. तिची शिकाकुगाइ, म्हणजे व्हिसाबाहेरचं काम करायची, परवानगी कार्डाबरोबर संपते. कोशिनच्या फॉर्ममध्ये ती येत नाही, वेगळा फॉर्म त्याच दिवशी द्यावा लागतो. फी नाही. विसरलं तर नवीन कार्डामागे परवानगीचा शिक्का नसतो आणि हॉटेलने कामावरून थांबवायला हवं.

आठवड्याला २८ तासांची मर्यादा सगळ्या नोकऱ्या मिळून. आणि 'आठवडा' सोमवार ते रविवार असा धरत नाहीत: कुठल्याही दिवसापासून सात दिवस मोजले तरी २८ च्या आत हवं. हॉटेलात शनिवार-रविवार जोडून जास्त पाळ्या आल्या की एका आठवड्याची शेपटी आणि दुसऱ्याचं तोंड मिळून ३२ होतात. मालक म्हणतो आमच्या पत्रकात २८ च दिसतात. दिसतात खरे, पण मोजणी तशी नसते.

हे पकडतात कसं? तिच्या काझेई शोमेइशोवरून. वर्षाचे ५२ आठवडे गुणिले २८, म्हणजे १,४५६ तास. तासाला १,३०० येन असतील तर वर्षाला १८,९२,८०० च्या वर जायला नको. दाखल्यावर २३ लाख दिसले की सरळ विचारणा येते. शिवाय १३ लाखांच्या पुढे कमाई गेली तर ती तुमच्या आरोग्य विम्यावर अवलंबून म्हणून राहते का, हा निराळा प्रश्न. अर्ज देण्याआधी तिचाही काझेई काढून आकडा बघा.

---

रोप्पोंगीचा राम

एवढं सगळं स्वतः कशाला करताय? ग्योसेइशोशीला (व्हिसाचे कागद करून देणाऱ्या व्यावसायिकाला) द्या, सगळं बघतो.

---

तामागावाकाठ

रामभाऊ, त्याला देऊनही यातलं अर्धं काम आपल्यालाच करावं लागतं. करदाखले, कंपनीचा ताळेबंद, पगारपत्रकं, तोकिबो हे तो मागणार आपल्याकडेच. तो फॉर्म नीट भरतो, पत्र चांगल्या जपानीत लिहितो, रांगेत उभा राहतो. एवढं महत्त्वाचं वाटत असेल तर जरूर द्या. काम आणि पदवी जुळत नसेल, मध्ये तीन महिन्यांहून जास्त बेकारी झाली असेल, आधी एकदा नकार आला असेल, तर मात्र मी स्वतः करा म्हणणार नाही. तीन महिने व्हिसातलं काम केलं नाही, त्यामागे कारणही नाही, तर व्हिसा काढून घेता येतो असं कायद्यातच आहे. तुमच्या दोन आठवड्यांच्या खंडाला ते लागू नाही.

पदवीचा विषय निघालाच म्हणून: डिप्लोमावाल्यांना दहा वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्याला एक अपवाद आहे. आयटीतल्या कामासाठी भारतातल्या डीओईएसीसीच्या (सरकारी संगणक परीक्षांच्या) ए, बी, सी स्तरांची प्रमाणपत्रं जपान मान्य करतं. कुणाच्या कपाटात पडली असतील तर बाहेर काढा.

कोशिनमध्ये किती वर्षं मिळतील, हा पुढचा प्रश्न येणारच. पाच वर्षांसाठी नोंदी वेळेवर दिलेल्या, शाळकरी मुलं असतील तर शाळेत जाणारी, काम तीन वर्षांहून जास्त चालेल असा करार, आणि कंपनी पहिल्या-दुसऱ्या गटात, असं सगळं बघतात. कंपनी त्यात नसेल तर तीन वर्षांचं कार्ड हातात ठेवून पाच वर्षं याच कामात काढलेली असावी लागतात. तुमची नोंद सात महिने उशिरा गेलीय आणि कंपनी तिसऱ्या गटात आहे, तेव्हा यंदा तीन मिळाले तर उत्तम, एक मिळालं तर नवल नाही. एक वर्षाच्या कार्डावर पर्मनंटचा अर्ज चालत नाही, एवढं मात्र धरून ठेवा. आणि एक मिळालं म्हणून लगेच दुसरा अर्ज टाकू नका, त्याने मुदत वाढत नाही.

---

सायतामा सुपरफास्ट

मध्येच विचारतो, माफ करा. माझं कार्ड किग्योनाइ तेनकिनचं आहे, पुण्याच्या कंपनीने इथल्या शाखेत पाठवलंय. इथल्याच एका जपानी कंपनीची ऑफर आहे. नोव्हेंबरात कोशिन आहे, तेव्हाच नव्या कंपनीचे कागद लावले तर चालेल ना?

---

शिनागावा ९९

नाही. तुमचा व्हिसा त्या कंपनीच्या पाठवणीवर आहे. दुसऱ्या कंपनीत एक दिवसही काम सुरू करायच्या आधी व्हिसाचा प्रकारच बदलून गिजिनकोकु घ्यावा लागतो. तो कोशिनचा अर्ज नसून बदलाचा, फॉर्म वेगळा, फी तेवढीच. आधी ऑफर पक्की, मग बदलाचा अर्ज, मंजुरीचं कार्ड हातात, मग जुन्या कंपनीचा राजीनामा आणि नव्याची रुजू तारीख, या क्रमाने जा. नव्या कंपनीला रुजू तारीख 'व्हिसा बदलल्यानंतर' अशी लिहून द्यायला सांगा. उच्च कुशल, म्हणजे कोदो सेनमोनशोकु १ असणाऱ्यांनाही कंपनी बदलली की बदलाचाच अर्ज, कारण त्यात कंपनीचं नाव बांधलेलं असतं.

---

हिशेबनीस

कावासाकीकरांना शेवटचं, कारण इथेच लोक गाफील राहतात. मायनंबर कार्डाची मुदत झाइर्यू कार्डाला बांधलेली असते. न्यूकान नवं कार्ड देतं, मायनंबरला हातही लावत नाही. नवं कार्ड मिळालं की २५ सप्टेंबरच्या आत दोघांचीही मायनंबर कार्डं घेऊन कावासाकीच्या कुयाकुशोत जा, मुदत वाढवून देतात, पासवर्ड लक्षात ठेवून जा. तोवर निकाल लागलाच नसेल तर अर्ज विचाराधीन असल्याचा शिक्का दाखवून दोन महिन्यांची वाढ घेता येते. तारीख चुकली की ते कार्ड मेलं. नवीन काढायला एक हजार येन, महिना-दीड महिना, आणि तेवढ्या काळात त्यावरचा आरोग्य विमाही अडू शकतो. मग बँक आणि मोबाइल कंपनी, त्यांना नव्या झाइर्यू कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत. बँका आठवण करून देणारं पत्र पाठवतात, ते दुर्लक्षित राहिलं तर खात्यातून पैसे बाहेर पाठवणं थांबवतात आणि हे बहुधा भाड्याच्या तारखेलाच कळतं.

---

कोथरूड ते कावासाकी

एदोगावाचं नोफुशो आलं, भरलं, पावत्या जपून ठेवल्यात. बायकोच्या हॉटेलातून हजेरीचे तास मागवले, दोन आठवडे असे आहेत की प्रत्येकी ३० तास दिसतायत. हे आत्ताच सांगावं का अर्जात?

---

दिघीची लेक

विचारल्याशिवाय फॉर्ममध्ये वेगळं लिहायला जागा नसते. पण विचारलं तर लपवू नका, हजेरीपत्रक आणि हॉटेलचं पत्र तयार ठेवा की पाळ्या बदलताना दोन तास वर गेले आणि पुढे दुरुस्त केले. आणि आजपासून तिला २५ तासांवर आणा, म्हणजे कुठूनही मोजलं तरी आत राहील.